पायडल

सेहेचाळीस पेट्या, दर पेटीत पाच-सहा भरलेल्या चौकटी,
आणि उजवा खांदा एक.
गेल्या माघात हिशोब इथंच अडला.
वळसंगच्या मागं करडई पिवळीधमक,
माश्या उजाडल्यापासून कामाला,
आणि मी यंत्राच्या दांड्याला लोंबकळलेली,
अर्धा फेरा माझा, अर्धा शिव्यांचा.

इरण्णा म्हणाला, पिळून काढू, आजा काढायचा तसं.
आजा काढायचा, खरंय.
ओंजळभर मध, त्यात अळ्या,
आणि मोडलेलं पोळं कुत्र्यापुढं.
माश्यांनी तेवढं मेण परत कधी घडवायचं?
करडई थांबते होय त्यांच्यासाठी?

अशोक चौकातून आत, तिसऱ्या बोळात
अंबादास येमूलचं दुकान.
चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेला माणूस.
आता माग किलोवर जातात,
आणि तो दारात बसून वजन होताना बघतो.
मी पिशवीतून रिकामी चौकट काढली.
त्यानं ती उजेडाकडं धरली,
सहाकोनी घरांवरून अंगठा फिरवला
आणि विचारलं, "यातला ताणा कुठला, बाणा कुठला?"
मला हसू आलं. तो हसला नाही.

"फेरे किती, अक्का? मिनिटाला?"
मला काय माहीत.
मी हवेतच दांडा फिरवून दाखवला,
खांदा सोसेल तेवढा.
तो डोळे मिटून गुडघ्यावर बोटं वाजवत राहिला,
धोट्याचे ठोके मोजावेत तसा,
मग खडूनं फरशीवर एक आकडा लिहिला.
मला वाचायच्या आत पायानं पुसलाही.

सतरा दिवसांनी टेम्पोतून उतरलं ते.
स्टीलचं पिंप,
खाली भंगारातल्या मागाची दोन दातेरी चाकं,
पुढं सायकलचं सीट, चेन, पायडल.
"मोटर नको," म्हणाला,
"तुमच्याकडं दुपारची लाइट असती का?"

पहिल्या दिवशी पायडलवर त्याचा पोरगा.
पोरगा जोरात,
बांधावर आमच्या भावकीतल्या पोरी उभ्या होत्या.
चार चौकटी फाटल्या.
पिंपात मध, मेण, तारा, सगळा लगदा.
अंबादास बोरीखाली जाऊन उभा राहिला, पाठ करून.
मी चहा नेऊन ठेवला. गार झाला.

रात्री तो गेला नाही.
पहाटे बघते, तर बॅटरी तोंडात धरून
मागाचा ब्रेक बसवतोय.
धागा तुटला की माग जाग्यावर थांबवतो ना, तोच.
इथं वेग चढला की पट्टी पडणार, चाक धरणार.
"ज्याला थांबता येत नाही तो माग
कापड नाही विणत," म्हणाला, "चिंध्या विणतो."

सुरी गरम पाण्यातून काढून
मी मेणाची झाकणं सोलली.
पदर खोचून सीटवर बसले,
हात मांडीवर, मोकळे. त्यांचं काय करावं कळेना.
आधी हळू. एक बाजू अर्धी.
चौकट उलटी. मग जरा जोर. परत पहिली बाजू.
तोटीतून काहीच नाही.
मग एक तार.
अंबादास वाकून बघत होता, तुटते का.

बोट लावून तो म्हणाला, "तेने."
सासूबाई म्हणाल्या, "जेनु."
पोरगा काही म्हणाला नाही,
त्याचं बोट तोंडात होतं.

बेअरिंगचे आठशे घेतले, मजुरीचं नाव नाही.
दोन बाटल्या दिल्या, एक परत ठेवली.
"घरात शुगर आहे," म्हणाला.

रिकाम्या चौकटी संध्याकाळी पेट्यांत परत गेल्या,
पोळं जाग्यावर, घरं उघडी.
माश्यांना ऑइलचा वास आला असावा,
दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी भरायला लागल्या.

खांदा अजून दुखतो.
केस विंचरताना, फळीवरचा डबा काढताना.
इरण्णा हल्ली पाहुण्यांना सीटवर बसून दाखवतो,
जसं काही त्यानंच घडवलं.
मी आत चहा टाकते आणि कान देते.
बोलता बोलता त्याचा जोर वाढतो,
कट्कन पट्टी पडते.